शंभरातले बाकीचे

"हा निबंध तू स्वतः लिहिलास?" बाईंनी विचारलं.

"हो," मुलगी म्हणाली.

उत्तर फार लवकर आलं. बाईंचा अनुभव असा, की ज्यांनी खरंच लिहिलेलं असतं ती पोरं या प्रश्नावर आधी दुखावतात, नाक फुगवतात आणि मग बोलतात. तयार 'हो' जिथून येतं तिथे कुठेतरी पाणी मुरत असतं.

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि मुलीकडे नीट पाहिलं. सतरा वर्षांची, शाळेच्या गणवेशातच आलेली. पुढच्याच थांब्यावर उतरायचं असावं तशी दप्तर मांडीवर घट्ट धरून बसली होती. गणितात शाळेत पहिली. वडील लिफ्ट दुरुस्त करायचे. आई एका शिवणकामाच्या कारखान्यात. फाईलमध्ये सगळं होतं.

झेरॉक्सच्या दुकानावरच्या या ऑफिसात बाई बावीस वर्षं एकच काम करत होत्या. जगात काही विद्यापीठं अशी आहेत, की शंभरांनी दार ठोठावलं तर चार-पाचांनाच आत घेतात. फार उदार झाली तर नऊ-दहा. तिथे आपल्या पोराची डाळ शिजेल का, हे विचारायला आईबाप इथे यायचे. बाई गुणपत्रक, शिफारसपत्रं आणि निबंध वाचायच्या आणि फाईलच्या उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीनं आकडा लिहायच्या. शंभरात सात. शंभरात अकरा. एकदा शंभरात अर्धा लिहिला होता, तेव्हा ऑफिसचे मालक, ज्यांना सगळे सर म्हणत, हात जोडून आले होते. "बाई, निदान एक तरी करा हो. अर्धा कसा सांगू मी त्यांना?"

ऑफिसात त्यांच्या मागे त्यांना 'चाळणीबाई' म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं, कारण तसा संशय आल्यावर त्या एकदा दाराआड उभ्या राहिल्या होत्या. भाजीवाला आपणहून 'ताजी आहे' म्हणाला की त्या हातातली जुडी खाली ठेवत. सांगितलेलं तपासायचं, न सांगितलेलं जास्त तपासायचं, असा त्यांचा खाक्या.

आणि हा निबंध तपासण्यासारखाच होता.

त्यात मुलीचे आजोबा होते. कोर्टाच्या इमारतीत लिफ्टमन. जाळीचं दार, आत एक स्टूल आणि पितळी दांडा. दांडा फिरवून लिफ्ट बरोबर मजल्याला लावायची, बोटभरही वर-खाली नाही. आजोबांना अक्षरओळख नव्हती, पण बसल्या जागेवरून ते माणसं बुटांवरून ओळखायचे. कोण खटला जिंकून उतरतोय, कोण हरून, हे पायांवरून सांगायचे. नात त्यांच्या मांडीवर बसून हे ऐकायची. मग एके दिवशी बटणांची लिफ्ट आली आणि आजोबांना शेवटचा आठवडा एकच काम दिलं गेलं. येणाऱ्या प्रत्येकाला बटण कसं दाबायचं ते शिकवायचं. त्यांनी ते मन लावून केलं. निबंध तिथेच संपत होता. शेवटी तात्पर्य नव्हतं, 'यातून मी शिकले' नव्हतं.

बाईंनी तो तीनदा वाचला होता. तिसऱ्यांदा वाचताना त्यांना राग आला. इतकं चांगलं लिहिणारी पोरगी गप्प बसून दप्तर आवळत नाही.

"आजोबा कधी गेले तुझे?"

मुलीनं बुटांकडे पाहिलं. "आधीच."

"कशाच्या आधी?"

"मी व्हायच्या आधी."

"मग मांडीवर कोण बसलं होतं?"

मुलीनं दप्तराचा बंद बोटाला गुंडाळला. बाईंना हे माहीतच होतं. कोर्टातली दांड्याची लिफ्ट गेली त्या वर्षी बाई अठरा वर्षांच्या होत्या. त्याला झाली चाळीस वर्षं.

"चौकातल्या क्लासच्या मास्तरांकडून लिहून घेतलास ना?" हा मास्तर बाईंचा जुना वैरी. त्यानं लिहून विकलेले अकरा निबंध त्यांनी आजवर पकडले होते. हा बारावा असणार.

"नाही, बाई."

"बरं. हा कागद घे. इथेच बसून एक पान लिही. काहीही लिही."

मुलीनं पेन काढलं, वीस मिनिटं लिहिलं आणि अर्ध्या पानावर थांबली. त्यात असं होतं: तिच्या थांब्यावर बस वेळापत्रकाप्रमाणे येत नाही. अकरा महिने तिनं रोज सकाळी बस किती वाजता येते ते वहीत लिहिलं. बस चुकते, पण ठरावीक पद्धतीनं चुकते. सोमवारी सात मिनिटं, पाऊस असला तर बारा. तिनं बस ऑफिसला पत्र पाठवलं, उत्तर आलं नाही. मग तिनं थांब्यावरच्या पाटीवरची वेळ मार्करनं स्वतःच दुरुस्त केली.

रूक्ष, बाईंच्या मनात आलं. एक उपमा नाही, एक नातलग नाही. दोन्ही कागद शेजारी ठेवले तर आंधळ्यालाही कळलं असतं, की हे दोन हात वेगळे आहेत. त्यांनी अर्धं पान फाईलमध्ये पुरावा म्हणून लावलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई मुलीच्या वडिलांना गाठायला त्यांच्या कामावर गेल्या. पालकांना ऑफिसात बोलावलं की ते ठरवून आलेलं बोलतात. कामाच्या जागी माणूस उघडा सापडतो.

ते एक मोठं हॉस्पिटल होतं. तळमजल्यावर एका लिफ्टचं दार सताड उघडं आणि पुढे 'काम चालू' अशी पिवळी पाटी. आत अंधार, आणि जमिनीच्या पातळीला एका माणसाचं डोकं. बाकीचा माणूस खाली थांबवलेल्या लिफ्टच्या टपावर उभा होता.

"बंद आहे, जिन्यानं जा," डोकं म्हणालं.

"मला लिफ्ट नकोय. तुम्ही हवे आहात." बाईंनी आपण कोण ते सांगितलं. "मास्तरांनी किती दिवसांत लिहून दिला निबंध?"

"कोण मास्तर?"

"उगाच वेड पांघरू नका."

लिफ्टवाल्यानं हातातला पाना बाजूला ठेवला. पन्नाशीचा माणूस, भुवयांवर ग्रीसचा पट्टा. त्यानं बाईंच्या चपलांकडे पाहिलं, मग तोंडाकडे. "इथं नको. पेशंट ये-जा करतायत. गच्चीवर मशीनरूम आहे, तिथं बोलू. पण चार मजले चढावे लागतील. लिफ्ट मीच बंद केलीये."

वर खोलीत एक मोटर, एक मोठं चाक आणि त्यावरून खाली उतरणारे तारेचे जाड दोर होते. लिफ्टवाल्यानं एक स्टूल फडक्यानं पुसून पुढे केलं. बाई बसल्या नाहीत.

"मी लिहिलाय," तो म्हणाला.

बाईंना हसू आलं. "तुम्ही?"

"का? हात काळे आहेत म्हणून?"

"शिक्षण किती झालंय?"

"नववी. दहावीच्या वर्षी बापाची नोकरी गेली."

"नववी शिकलेल्या माणसानं हा निबंध लिहिला, यावर मी विश्वास ठेवायचा."

"ठेवू नका. मला काय करायचंय?" असं म्हणत त्यानं लोखंडी कपाट उघडलं. तेलाचे डबे, चिंध्या, फ्यूज यांच्यामागून त्यानं कागदांची एक चळत काढली आणि बाईंच्या हातात दिली.

लिफ्टच्या तपासणीचे छापील फॉर्म होते. 'दोर ठीक. ब्रेक ठीक. दार ठीक.' मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीनं लिहिलेलं. खाडाखोड, वर घुसवलेले शब्द, समासात उभी लिहिलेली वाक्यं. बाईंनी आयुष्यभर नकला पाहिल्या होत्या. नकलेत अशी खाडाखोड नसते. पितळी दांड्याचं वाक्य त्यानं सहा वेळा लिहून पाहिलं होतं.

आणि पहिल्या पानापासून शेवटपर्यंत 'माझे वडील' असं होतं. प्रत्येक वेळी 'वडील'वर एक रेघ मारून वर 'आजोबा' लिहिलं होतं.

बाई स्टुलावर बसल्या.

"मीच बसायचो मांडीवर," लिफ्टवाला म्हणाला. "दहा वर्षांचा होतो. शाळा सुटली की कोर्टात."

"मुलीनं मागितला होता?"

"ती कुठली मागतेय! ती आपली ती बसची वही घेऊन लिहीत बसली होती. मी म्हटलं, बाई गं, बसच्या वेळा कोण वाचणार? तिथं मोठमोठ्यांची पोरं, कोणी सतार वाजवतंय, कोणी डोंगर चढतंय. त्यात तू बसचा थांबा घेऊन उभी राहणार? भांडलो आम्ही. चार दिवस बोलत नव्हती माझ्याशी." त्यानं फडकं हातातल्या हातात पिळलं. "माझ्याकडे चांगलं असं एवढंच होतं, बाई. ते तिला दिलं."

खाली कुणीतरी लिफ्टचं बटण पुन्हा पुन्हा दाबत असावं. भिंतीवरच्या पेटीतला एक छोटा दिवा लागत होता, विझत होता.

"आता मी विचारू?" लिफ्टवाल्यानं म्हटलं. त्याचा आवाज बदलला होता. "तुम्ही म्हणे शंभरात नऊ, शंभरात सात असं सांगता. ते मोजतं कोण?"

"अनुभवानं कळतं."

"हे बघा, माझ्या कामात शंभरांतला एक दोर तुटला तरी मी तुरुंगात. तुमच्या शंभरांतले एक्क्याण्णव जातात कुठं? कुणी बघून येतं का?"

"ते आमचं काम नाही."

"नसेल." तो त्यांच्याकडे संशयानं पाहत राहिला. असं कुणी आपल्याकडे पाहिलेलं बाईंना आठवत नव्हतं. पाहण्याचं काम नेहमी त्यांचं. "तुमच्या घरी आहे का कुणी? त्याचा काढलात का कधी आकडा?"

बाई 'नाही' म्हणू शकल्या असत्या. "काढला होता," त्या म्हणाल्या. "मुलाचा. सोळा वर्षांपूर्वी."

"किती आला?"

"चार."

"मग?"

"मग त्यानं अर्जच केला नाही. आता चष्म्याच्या दुकानात असतो. दुसऱ्या गावी."

लिफ्टवाल्यानं फडक्यानं मोटरवरचं तेल पुसलं. त्यानं 'अरेरे' वगैरे म्हटलं नाही, याबद्दल बाईंना बरं वाटलं.

"हा निबंध जाणार नाही," बाई उठत म्हणाल्या.

"'बाबांनी सांगितलं' असं वर घातलं तर?"

"तरी ती तुमचीच गोष्ट. तिची नाही."

त्यानं मान हलवली. कागद परत घेतले, सारखे केले. बाई दारापर्यंत गेल्या तेव्हा त्यानं हाक मारली. "बाई, एवढंच सांगा. चांगलं होतं का?"

"बावीस वर्षं वाचतेय," बाई म्हणाल्या. "इतकं चांगलं माझ्या हाताखालून गेलेलं नाही."

"हे खरं, का आईबापांना सांगता तसलं?"

"मी आईबापांना काही सांगत नाही. ते सर सांगतात."

लिफ्टवाला पहिल्यांदाच हसला.

मुलीच्या अर्ध्या पानावर विश्वास ठेवायलाही बाई एकदम तयार नव्हत्या. त्यांनी तिला बोलावून वही मागवली. "अकरा महिने रोज? ताप आला तेव्हासुद्धा?"

"तापात दोन दिवस नाही गेले. तिथे रकाना रिकामा ठेवलाय."

"रिकामा का? अंदाजानं भरता आला असता."

"मग त्याला काय अर्थ?" मुलगी म्हणाली, आणि तिनं नाक फुगवलं.

सोमवारी सकाळी बाई घड्याळ घेऊन त्या थांब्यावर जाऊन उभ्या राहिल्या. पाटीवर छापील वेळेवर काट मारून शेजारी काळ्या मार्करनं, अगदी नीटस अक्षरात, वाराप्रमाणे नव्या वेळा लिहिलेल्या होत्या. थांब्यावर हातात डबा घेतलेली एक तरुणी आली. तिनं पाटी पाहिली, मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि शांतपणे बाकावर बसून चपलेचा पट्टा नीट करू लागली. मग एक म्हातारे गृहस्थ आले. तेही पाटी पाहून बसले. कुणी मान वाकडी करून रस्त्याकडे बघत नव्हतं. मार्करच्या वेळेला बस आली. बाई चढल्या नाहीत. आणखी दोन दिवस त्या तिथे जाऊन आल्या, मगच त्यांची खात्री पटली.

"बस सोमवारी किती उशिरा येते, एवढंच लिहून पुरणार नाही," त्यांनी मुलीला सांगितलं. "मार्कर हातात घेतलास तेव्हा भीती वाटली का? कुणी पाहिलं का? तेही लिही. पण तुझ्यासारखंच लिही, नटवू नकोस."

मुलीनं पाच वेळा लिहून आणलं. पाचव्या वेळी बाईंनी एकाही शब्दाखाली रेघ मारली नाही.

सरांनी डोक्याला हात लावला. "बाई, तो आजोबांचा निबंध मी वाचलाय. मला रडू आलं होतं. त्यावर चौदा तरी दिले असते तुम्ही."

"दिले असते."

"आणि यावर?"

"सहा."

"म्हणजे आपण स्वतःच्या हातानं आठ घालवले?"

"तिचे कधी नव्हतेच ते," बाई म्हणाल्या. पण घरी जाताना त्यांना स्वतःचाच संशय आला. पोरीच्या अंगावर आपण आपला खरेपणा मिरवला का? बापाला कुणी पकडलं नसतं. पकडणारी एकटी आपणच होतो.

सात ठिकाणी अर्ज गेले. वसंतात उत्तरं येऊ लागली. पहिलं नाही. दुसरं नाही. प्रत्येक नकाराला मुलगी स्वतः ऑफिसात येऊन तारीख सांगून जायची, जणू त्याचीही वही ठेवत होती. सहावं 'नाही' आलं त्या दिवशी सरांनी बाईंशी बोलणं टाळलं.

सातवं उत्तर घेऊन लिफ्टवाला आला. कपडे बदलून, केस विंचरून. त्यानं लिफाफा टेबलावर ठेवला आणि उभा राहिला. बाईंनी पत्र वाचलं. मग उजेडासमोर धरलं. सही जवळून पाहिली. मग त्यांनी पत्रावर छापलेला नंबर सोडून ऑफिसच्या जुन्या नोंदवहीतला नंबर शोधला, त्या विद्यापीठात फोन लावला आणि मुलीचं नाव सांगून दोनदा विचारलं.

"झाली खात्री?" लिफ्टवाल्यानं विचारलं.

"झाली. घेतलंय तिला."

तो खुर्चीवर बसला. त्यानं दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवले. "खाली त्यांनी पेनानं एक ओळ लिहिलीये," तो म्हणाला. "'तुमच्या थांब्यावरच्या लोकांना आता कधी बस मिळते, ते कळवा.' म्हणजे वाचलं कुणीतरी. बसचं."

"वाचलं."

"मी म्हटलं होतं कोण वाचणार." तो हसण्याचा प्रयत्न करत होता. "माझं गेलं असतं, तर ती ओळ माझ्या बापाबद्दल आली असती. तिच्याबद्दल नाही."

तो गेल्यावर बाईंनी फाईल बंद केली. दुपारचे तीन वाजले होते. मुलाला त्या दर रविवारी फोन करत, तोही पाच मिनिटं. जेवलास का, तब्येत कशी आहे. आज मंगळवार होता. त्यांनी दुकानाचा नंबर लावला.

"आई? काय झालं?" मुलगा घाबरून म्हणाला. "कुणी गेलं का?"

"कुणी नाही गेलं."

"मग तुझं काही? डॉक्टर काय म्हणाले? खरं सांग."

"अरे, मी ठणठणीत आहे. एक विचारायचं होतं. अर्जासाठी तू निबंध लिहिला होतास. मी वाचला नव्हता. नुसत्या गुणांवरून आकडा काढला होता."

तिकडे चष्म्यांचा खोका खाली ठेवल्याचा आवाज आला.

"काय होतं त्यात?"

"का विचारतेस?" त्याचा आवाज सावध झाला. हा आवाज बाईंच्या ओळखीचा होता. तो त्यांच्याच घरचा होता. "कुणाची फाईल अडलीये का? उदाहरण हवंय?"

"नाही रे."

"सोळा वर्षं झाली, आई. गिऱ्हाईक आलंय. ठेवतो."

बाई फोनशेजारी बसून राहिल्या. खाली झेरॉक्सचं मशीन चालू झालं, थांबलं, पुन्हा चालू झालं. सर एक नवी फाईल ठेवून गेले. तिला त्यांनी हात लावला नाही. चाळीस मिनिटांनी फोन वाजला.

"घुबडावर होता," मुलगा म्हणाला. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "आपल्या गच्चीवर टाकीमागे एक घुबड राहायचं. वर्षभर होतं. मी रोज बघायला जायचो."

"मला कधी बोलला नाहीस."

"तू म्हणाली असतीस कबूतर असेल."

बाई तसंच म्हणाल्या असत्या.

"आहेस ना?" मुलानं विचारलं.

"आहे." त्यांनी खुर्ची भिंतीकडे वळवली आणि रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. "केवढं होतं?"

"केवढं म्हणजे..." तो थांबला. त्याच्या मागे दुकानाचं दार उघडल्याचा आवाज आला, कुणीतरी काहीतरी विचारलं. "दोन मिनिटं बसा हं," तो त्या माणसाला म्हणाला, आणि मग सांगू लागला.